उंबऱ्यावरची ब्रिजिड

आयर्लंडचा सण म्हटलं की बहुतेकांना सतरा मार्चचा सेंट पॅट्रिक डे आठवतो. हिरवे कपडे, वाद्यपथकं, न्यूयॉर्क-बॉस्टनच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या मिरवणुका. तो सण आयरिश आहेच, पण त्याचा आजचा थाटमाट बराचसा घडवला तो देश सोडून गेलेल्या आयरिश माणसांनी. जे मागे राहिले, लहानशा शेतावर दोन-चार गाई-मेंढ्या सांभाळत जगले, त्यांच्या घरात दुसऱ्या एका सणाला फार मोठं स्थान होतं. तो पॅट्रिकच्या दीड महिना आधी येतो, १ फेब्रुवारीला, आणि तो एका बाईचा सण आहे. तिचं नाव ब्रिजिड. आयरिश भाषेत ब्रीद.

पॅट्रिकच्या दिवसाला सुटी मिळाली ती १९०३ च्या कायद्याने. ब्रिजिडच्या दिवसाला ती मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं. मधल्या एकशे वीस वर्षांत या सणामागे ना सरकारी खर्च होता, ना पर्यटन खात्याची जाहिरात. चर्चची प्रार्थना होती, पण सणाचा गाभा चर्चमध्ये नव्हता. तो घराच्या उंबऱ्यावर होता, आणि तो टिकवला स्वयंपाकघरातल्या, गोठ्यातल्या माणसांनी. या पुस्तकात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. ब्रिजिड ही मुळात देवी की संत, या वादावर कितीतरी शाई खर्च झाली आहे, आणि पुढे त्याबद्दलही लिहावं लागेल. पण त्या वादाने हा सण टिकला नाही. तो टिकला एकतीस जानेवारीच्या संध्याकाळी पाणथळ जागी जाऊन लव्हाळ्याचा भारा घेऊन येणाऱ्या माणसामुळे.

त्या माणसाबद्दल आपल्याला इतकं बारकाईने कळतं, याचं श्रेय एका विलक्षण उपक्रमाला जातं. १९३५ मध्ये आयरिश सरकारने लोकसाहित्य गोळा करण्यासाठी एक आयोग नेमला. १९३७ ते १९३९ या काळात सव्वीस परगण्यांतल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांना गृहपाठ मिळाला: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतील ते लिहून आणा. त्या वह्या आजही डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवलेल्या आहेत. पुढे १९४२ मध्ये याच आयोगाने खास ब्रिजिडच्या सणावर एक प्रश्नावली देशभर पाठवली. तुमच्याकडे क्रूस कशाचा करतात, कुठे लावतात, रात्री दाराबाहेर काय ठेवतात, असे साधे प्रश्न होते. उत्तरं आली ती गावोगावची. त्यामुळे या सणाविषयी आपण जे बोलतो, ते कुणा एका विद्वानाच्या कल्पनेवर उभं नाही; परगण्यापरगण्यात काय वेगळं होतं हेसुद्धा दाखवता येतं.

आता ती संध्याकाळ जरा जवळून पाहू. दिवस एकतीस जानेवारी. घरातला कुणीतरी, बऱ्याच ठिकाणी थोरली मुलगी किंवा कर्ता पुरुष, लव्हाळा आणायला जातो. लव्हाळा विळ्याने कापायचा नाही, हाताने उपटायचा, हा नियम. भारा घेऊन तो घराशी येतो, पण सरळ आत शिरत नाही. दार बंद असतं. आत सगळे जमलेले असतात, बटाट्याचं जेवण तयार असतं, त्यावर नुकतंच घुसळलेलं लोणी. बाहेरचा माणूस दार ठोठावतो आणि ब्रिजिडच्या वतीने बोलतो: गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतले एकसुरात तिचं स्वागत करतात. काही ठिकाणी हे तीनदा होतं, काही ठिकाणी घराला प्रदक्षिणा घालून होतं. शेवटी दार उघडतं, लव्हाळा आत येतो, टेबलाखाली ठेवला जातो, आणि मगच सगळे जेवायला बसतात. भाद्रपदात गौरी घरात आणताना दारातली बाई कोणत्या पावलांनी आली म्हणून विचारते आणि गौर आणणारी उत्तर देते, हे ज्यांनी लहानपणी ऐकलं आहे त्यांना आयरिश उंबऱ्यावरचा हा संवाद समजावून सांगावा लागणार नाही.

जेवण झालं की त्याच लव्हाळ्याचे क्रूस विणायला बसतात. सर्वांत परिचित क्रूस चार हातांचा. एक काडी उभी धरायची. दुसरी काडी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची आणि मध्यभागी अंगठ्याने घट्ट दाबून ठेवायची. मग सगळं पाव फेरा वळवायचं आणि तिसरी काडी, तीही दुमडलेली, आधीच्या काडीवर चढवायची. पुन्हा पाव फेरा, पुन्हा नवी काडी. दरेक काडी आधीच्या काडीला अडवते, म्हणून गाठ मारावी लागत नाही. मधोमध एक चौकोनी वीण वाढत जाते आणि चारी दिशांना हात फुटतात, पण एका रेषेत नाही, जरासे सरकलेले, भिंगरीसारखे. शेवटी चारी टोकं बांधायची आणि कडा कापून सारख्या करायच्या. लव्हाळा ताजा असावा लागतो, नाहीतर दुमडताना तडकतो. उत्तरेकडे, अल्स्टरच्या काही भागांत तीन हातांचा क्रूस होतो आणि तो गोठ्यात लावायची पद्धत होती. कुठे लाकडी चौकटीवर गवताची काडी गुंडाळून एकाशेजारी एक चौकोन करत, कुठे नुसते दोन तुकडे आडवे-उभे बांधत. आपल्या भागातला क्रूस तोच खरा, असं दरेकाला वाटत असे.

विणलेला क्रूस दाराच्या आतल्या बाजूला, छपराच्या गवतात खोचायचा. आग लागू नये, रोगराई येऊ नये, उपासमार होऊ नये, म्हणून. काही घरांत गेल्या वर्षीचा क्रूस काढत नसत. नवा त्याच्या शेजारी खोचत. चुलीच्या धुराने ते काळे होत जात आणि घर किती वर्षं उभं आहे याचा हिशेब छपराखाली साठत जाई. उरलेला लव्हाळा फेकायचा नाही. तो वासराखाली अंथरायचा, किंवा त्याची दावी वळायची.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट होत असे, आणि मला ती सगळ्यांत हृद्य वाटते. एखादं फडकं, फीत, स्कार्फ किंवा कापडाचा पट्टा खिडकीच्या कट्ट्यावर नाहीतर दाराजवळच्या झुडपावर ठेवायचा. रात्री ब्रिजिड देशभर फिरते, जाताना त्याला स्पर्श करते, असा विश्वास. सकाळी दवाने भिजलेलं कापड घरात घ्यायचं आणि वर्षभर जपायचं. या कापडाला म्हणतात ब्रात ब्रीदे. डोकं दुखलं की ते कपाळाला बांधत. गाय व्यायला अडली की तिच्या पाठीवर टाकत. बाळंतपणात बाईच्या अंगावर पांघरत. दरवर्षी तेच कापड बाहेर ठेवलं तर त्याची शक्ती वाढत जाते आणि सात वर्षांनी पुरी होते, असंही काही ठिकाणी मानत. डॉक्टर पाच-सात मैलांवर आणि रस्ता चिखलाचा, अशा घरात त्या फडक्याला काय किंमत असेल, याचा विचार केल्याशिवाय त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. अडलेल्या बाईजवळ बसलेल्या दुसऱ्या बाईला हाती धरायला काहीतरी हवं असतं.

पश्चिमेकडे, विशेषतः गॉलवे परगण्यात आणि अरान बेटांवर, क्रिस ब्रीदे असे: गवताच्या दोराचं मोठं कडं, त्याला छोटे छोटे क्रूस बांधलेले. मुलं ते घरोघर नेत. घरातली माणसं त्यातून तीनदा आरपार जात, पुढच्या वर्षी निरोगी राहू म्हणून. नैऋत्येला केरीमध्ये मात्र बाहुली फिरे. तिला ब्रीदोग म्हणतात, म्हणजे छोटी ब्रिजिड. लोणी घुसळायच्या रवीला किंवा काठीला कपडे नेसवायचे, डोक्याच्या जागी सलगम कोरून बसवायचा, आणि ती घेऊन तरुण पोरांची टोळी अंधारात निघे. पुरुष बायकांचे पांढरे कपडे घालत, चेहरा झाकेल अशी गवताची उंच निमुळती टोपी घालत, बरोबर सारंगी आणि अकॉर्डियन. घरात शिरायचं, दोन गाणी वाजवायची, घरच्या बाईला नाचायला ओढायचं, आणि अंडी, लोणी किंवा पैसे घेऊन पुढे जायचं. या टोळ्यांना बिडी बॉइज म्हणतात. किलॉर्ग्लिन गावाभोवती त्या आजही निघतात. गवताच्या त्या टोप्या विणणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

चालीरीती अशा कितीतरी आहेत. त्या दिवशी चाक फिरवायचं नाही, असं केरी-कॉर्कच्या काही भागांत पाळत. म्हणून सूतकताई बंद, गाडी बंद. ब्रिजिडच्या पांढऱ्या गाईसाठी खिडकीत गवताची पेंढी ठेवत आणि तिच्यासाठी ओटची भाकर. समुद्रकाठचे लोक त्या सुमाराच्या मोठ्या ओहोटीत खडकावरचे शिंपले वेचत आणि एकेक शिंपला घराच्या चार कोपऱ्यांत ठेवत, मासे भरपूर मिळावेत म्हणून. बिळातून साळू बाहेर पडलेला दिसला तर हवा चांगली राहणार. ब्रिजिडने म्हणे शब्द दिला होता की माझ्या दिवसापासून दर एक दिवसाआड ऊन पडेल, आणि पॅट्रिकने आपल्या दिवसानंतर दररोज.

आणि याच दिवशी शेतकरी गवताच्या गंजीपाशी जाऊन उभा राहत असे. निम्मा चारा शिल्लक आहे ना, हे बघायला. घरातली बाई बटाट्याचा साठा बघे. सणाचं मर्म मला या हिशेबात दिसतं. आयर्लंडचं जुनं वर्ष चार खांबांवर उभं होतं: नोव्हेंबरचा साउइन, फेब्रुवारीचा इम्बोल्क, मेमधला ब्याल्टना आणि ऑगस्टमधला लूनसा. साउइनला गुरं घरी परततात, ब्याल्टनाला पुन्हा कुरणांवर जातात. मधला फेब्रुवारी हा सगळ्यांत नाजूक काळ. साठा संपत आलेला, नवं काही उगवलेलं नाही, पण मेंढ्या व्यायला लागलेल्या, त्यांच्या आचळांत दूध उतरलेलं, आणि संध्याकाळचं जेवण दिवा न लावता करता येईल इतका उजेड वाढलेला. भीती आणि आशा एकाच आठवड्यात समोर येतात. ज्या देशाने १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावरच्या रोगामुळे सुमारे दहा लाख माणसं गमावली आणि तितकीच परदेशी जाताना पाहिली, त्या देशात घरावर उपासमार न येवो म्हणून छपरात खोचलेला क्रूस ही शोभेची वस्तू नव्हती.

आता ब्रिजिडकडे वळतो.

परंपरेनुसार तिचा जन्म पाचव्या शतकाच्या मध्याला, आजच्या लाउथ परगण्यातल्या फॉहर्टला झाला आणि मृत्यू ५२५ च्या सुमारास किल्डेअरला. बाप सरदार, आई त्याची दासी. तिचं सर्वांत जुनं उपलब्ध चरित्र कॉगिटोसस नावाच्या धर्मोपदेशकाने सातव्या शतकात लॅटिनमध्ये लिहिलं, म्हणजे तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. इतक्या उशिराच्या लिखाणातून तिच्या आयुष्याचा तपशील शोधणं कठीणच. पण त्यातला सूर लक्षात घेण्यासारखा आहे. कॉगिटोससच्या ब्रिजिडचे चमत्कार दुधाचे, लोण्याचे, बिअरचे, मेंढ्यांचे आहेत. पावसात भिजून आलेली ब्रिजिड ओला झगा दोरी समजून सूर्यकिरणावर वाळत टाकते आणि किरण तो तोलून धरतो. लोणी वाटून टाकलं तरी आईला द्यायच्या वेळी पुरेसं निघतं.

इतर चरित्रांतली एक कथा मला तिच्या स्वभावाची किल्ली वाटते. पोर घरातली प्रत्येक वस्तू गोरगरिबांना देऊन टाकते म्हणून वैतागलेला बाप तिला लेन्स्टर प्रांताच्या राजाला विकायला रथात घालून नेतो. तो आत राजाशी बोलत असताना एक कुष्ठरोगी रथापाशी येऊन हात पसरतो. देण्यासारखं जवळ काही नाही, म्हणून ब्रिजिड बापाची रत्नजडित तलवार त्याला देऊन टाकते. राजा विचारतो, माझं धन मिळालं तर काय करशील? तेही देऊन टाकीन, असं ती म्हणते. राजा तिला विकत घ्यायला नकार देतो. दासीच्या पोटी जन्मलेल्या मुलीने, स्वतःची किंमत ठरत असताना, मालकाचं हत्यार दान करावं, ही गोष्ट शतकानुशतकं आयर्लंडच्या गरीब घरांत का सांगितली गेली असेल हे उघड आहे.

तिचा किल्डेअरचा मठ मात्र गरिबीचा नव्हता. तिथे पुरुष आणि स्त्रिया दोघंही राहत, आणि मठाची सत्ता स्त्रीच्या हाती असे. कॉगिटोसस तिथल्या मोठ्या चर्चचं वर्णन करतो: आत पडदाभिंत, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, वेदीच्या दोन्ही अंगांना ब्रिजिड आणि बिशप कॉनलेथ यांच्या सोन्या-चांदीने मढवलेल्या समाध्या. हे वर्णन भक्तीचं आहे तसंच राजकारणाचंही. त्या काळी संपूर्ण आयर्लंडवरचा धार्मिक अधिकार कोणाचा, यावरून किल्डेअर आणि पॅट्रिकचं आर्मा यांच्यात चढाओढ होती. ती आर्माने जिंकली. तरी किल्डेअरच्या मठाधिपती बाईचं वजन इतकं होतं की ११३२ मध्ये लेन्स्टरच्या गादीसाठी झगडणाऱ्या डरमट मॅकमरोच्या माणसांनी मठावर हल्ला करून तिला पळवलं आणि तिच्यावर बलात्कार केला, तिचा अधिकार संपवण्यासाठी. सत्तेवरच्या बाईला खाली खेचण्याचा हा मार्ग किती जुना आहे, हे वाचताना अंगावर काटा येतो.

या मठातली आग प्रसिद्ध आहे. ११८५ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र जॉन याच्याबरोबर आलेल्या वेल्सच्या जेराल्डने ती नोंदवली. काट्याकुट्यांचं गोल कुंपण, आत कधी न विझणारी आग, कुंपणाच्या आत पुरुषाला मज्जाव. एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र ती राखतात. तोंडाने फुंकर मारायची नाही. भात्याने किंवा सुपाने वारा घालायचा. इतकं लाकूड जळूनही राखेचा ढीग वाढत नाही, असं तो लिहितो. विसाव्या रात्री एकोणिसावी जोगीण लाकडं रचते, आजची रात्र तुझी, तुझी आग तूच राख, असं ब्रिजिडला सांगते आणि निघून जाते. सकाळी लाकूड जळालेलं असतं आणि आग तेवत असते.

इथेच देवीचा प्रश्न उभा राहतो. अग्नी, स्त्री, ऋतुबदल, दूध: हे सगळं ख्रिस्ती संतापेक्षा जुन्या देवतेला शोभणारं वाटतं. नवव्या-दहाव्या शतकातल्या, कॅशेलचा राजा-बिशप कॉरमाक याच्या नावावर असलेल्या एका शब्दकोशात ब्रिगिट नावाच्या देवीची नोंद खरोखरच आहे. ती दाग्दा या देवाची मुलगी, कवी तिची उपासना करत, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी वैद्यकाच्या आणि लोहारकामाच्या देवता. कूहुलिन या वीराच्या एका जुन्या कथेतही वसंताच्या सुरुवातीला मेंढ्यांचं दूध काढण्याच्या सणाचा उल्लेख येतो. आयर्लंडमधल्या तारा नावाच्या टेकडीवरची पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी कबर अशी बांधलेली आहे की फेब्रुवारीच्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचा प्रकाश तिच्या आत पोचतो.

हे सगळं खरं. पण यापुढे जाऊन प्राचीन आयर्लंडमध्ये देवी ब्रिगिटची पूजा एक फेब्रुवारीला अशी-अशी होत असे, असं छातीठोकपणे सांगितलं जातं, तेव्हा पायाखालची जमीन सरकते. इम्बोल्कचे विधी वर्णन करणारा एकही प्राचीन ग्रंथ आपल्याकडे नाही. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात याबाबत सावध राहायला सांगितलं आहे, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. शब्दकोशाची नोंद एका ख्रिस्ती पंडिताच्या हातची, जुना धर्म मावळून शतकं लोटल्यानंतरची. कबर बांधणारे लोक तर आयरिश भाषेच्या कितीतरी आधीचे. संताचा आणि देवीचा काही धागा जुळतो, असं मलाही वाटतं. नाव एकच असणं निव्वळ योगायोग नसावा. पण चर्चने देवीला चोरून संत केलं, हे आजचं लोकप्रिय सूत्र फार सोपं आहे. त्यात मधली बाराशे-तेराशे वर्षं गायब होतात. ज्या बाईने फडकं झुडपावर टाकलं ती ख्रिस्ती होती, जपमाळ ओढत होती, आणि ब्रिजिडला ती ‘गेलांची मेरी’, म्हणजे आयरिश लोकांची मेरी, म्हणत होती. तिच्या भक्तीच्या आत शिरून तिला न विचारता दुसरंच काही शोधणं, हा तिच्यावर अन्याय आहे.

नावाचं पुढे काय झालं, हेही या सणाच्या इतिहासात यायला हवं. एकोणिसाव्या शतकात लाखो आयरिश मुली अमेरिकेत घरकामाला गेल्या. ब्रिजेट हे नाव त्यांच्यात इतकं होतं की मालकिणी कोणत्याही आयरिश मोलकरणीला सरसकट ‘बिडी’ म्हणत, आणि व्यंगचित्रांत बिडी म्हणजे भांडी फोडणारी, अडाणी बाई. पुढच्या पिढीत अनेक आयरिश-अमेरिकन घरांनी मुलींना ते नाव ठेवणं सोडलं. केरीत त्याच वेळी बिडीच्या नावाने टोळ्या नाचत होत्या. एकाच नावाची दोन टोकं, आणि मधे अटलांटिक.

विसाव्या शतकात घरं बदलली. गवताच्या छपरांची जागा कौलांनी घेतली, वीज आली, गाई कमी झाल्या, तरुण शहरात गेले. उंबऱ्यावरचा संवाद विरत गेला, पण क्रूस तगला. ३१ डिसेंबर १९६१ रोजी आयर्लंडची राष्ट्रीय दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा तिने लव्हाळ्याचा हाच चार हातांचा क्रूस बोधचिन्ह म्हणून घेतला आणि कितीतरी वर्षं तो घराघरांतल्या पडद्यावर दिसत राहिला. किल्डेअरची आग सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात मठाबरोबरच संपली होती. ती १९९३ मध्ये ब्रिजिडच्याच नावाच्या संघातल्या जोगिणींनी गावच्या बाजारचौकात पुन्हा पेटवली. २००६ च्या १ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी त्या ज्योतीपासून चौकात कायमची ज्योत लावली. या काळात आयर्लंडवरची कॅथलिक चर्चची पकड सैल होत होती, चर्चच्या संस्थांत स्त्रियांवर आणि मुलांवर झालेले अत्याचार उघड होत होते. अशा वेळी चर्चवर रागावलेल्या बायकांनाही ब्रिजिड आपली वाटली. ती संत म्हणून हवी होती त्यांना संत मिळाली, देवी म्हणून हवी होती त्यांना देवी, आणि केवळ एक सत्ताधारी, उदार, मोकळी बाई म्हणून हवी होती त्यांना तीही.

सुटीची मागणी याच प्रवाहातून आली. देशातल्या सर्व सार्वजनिक सुट्यांत एकही स्त्रीच्या नावाची नव्हती. ‘हरस्टोरी’ या चळवळीने त्यासाठी मोहीम चालवली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ती मान्य केली. घोषणा करणाऱ्यांत तेव्हाचे उपपंतप्रधान लिओ वराडकर होते. सुट्यांचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव सिंधुदुर्गातलं मालवण तालुक्यातलं वराड. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिजिडच्या नावाची पहिली सुटी लागली, तेव्हा ते पंतप्रधान होते. ब्रिजिडच्या सणाचा मालवणशी एवढाच संबंध, पण मराठीत या विषयावर लिहिताना तो सांगताना मला आनंद होतो.

नियम असा की सुटी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. फक्त १ तारीख शुक्रवारी आली तर सुटी त्याच दिवशी. तशी वेळ पहिल्यांदा २०३० मध्ये येईल. एरवी सण एका दिवशी आणि सुटी दुसऱ्या दिवशी, असंच बहुधा चालेल. मला याची थोडी काळजी वाटते. जोडून आलेली सुटी माणसाला घराबाहेर काढते, आणि हा सण तर माणसांना दाराच्या आत घेणारा. दुसरीकडे, सुटीमुळेच शाळाशाळांत क्रूस विणायला शिकवणं वाढलं आहे. आजीकडून न शिकलेली मुलं आता वर्गात शिकतात, आणि त्यांत जगभरातून आलेल्या कुटुंबांची मुलंही असतात. १९३७ च्या वह्या लिहिणाऱ्या मुलांनी घरून शाळेत जे आणलं, ते ही मुलं शाळेतून घरी नेत आहेत.

पुढची प्रकरणं मी शतकांच्या क्रमाने लावलेली नाहीत. आधी दार येतं आणि त्यावरचा क्रूस, मग चूल आणि जेवण, मग गोठा, मग झुडपावरचं फडकं आणि त्याच्याशी जोडलेली बाळंतपणं, मग चिंध्या बांधलेल्या विहिरी, बिडी बॉइजच्या टोळ्या, समुद्रकिनारा. किल्डेअरचा मठ, तिथली आग आणि देवीचा वाद शेवटी येतो. ज्यांनी हा सण सांभाळला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी किल्डेअर कधी पाहिलं नव्हतं. त्यांची ब्रिजिड आधी दारात यायची, म्हणून पुस्तकातही ती तिथूनच येते.